घरी वाचते ते सांगत नाही, सांगते ते वाचत नाही

पत्र, थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई पस्तिशीच्या आहेत. शाळेत असल्यापासून फँटसी आणि सायफाय, म्हणजे विज्ञानकथा, वाचतात. सात-आठ जणांचा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा भेटतात आणि सुरुवातीलाच प्रत्येकाने 'सध्या काय वाचतोय' ते सांगायचं, असा रिवाज आहे. बाकीचे नुकत्याच आलेल्या, पुरस्कारांच्या यादीत झळकलेल्या जाडजूड पुस्तकांची नावं घेतात. त्यांच्यामागे धावून ताई दमल्या आहेत. ऑडिओबुकं पावणेदोन पट वेगाने ऐकतात, मधली प्रकरणं गाळतात आणि दोन पुस्तकं तर उघडलीही नसताना "मस्त आहे" म्हणून मोकळ्या झाल्या. रात्री मात्र वाचतात ड्रॅगनवर स्वार होणाऱ्या नायिकांच्या प्रेमकथा, नाहीतर तिसऱ्यांदा उर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी' ही फँटसी मालिका. गटात एकाने अशा प्रेमकथांची टर उडवली तेव्हा त्याही हसल्या. पाच सिरीज अर्धवट पडल्या आहेत. त्या विचारतात: "यांना गाठू कशी? माझी आवड खालावली आहे का, की या प्रकारातूनच मन उडालंय? आणि न वाचलेल्या त्या दोन पुस्तकांचं गटात कबूल करून टाकू का?"

ताई,

"घरी वाचते ते सांगत नाही आणि सांगते ते वाचत नाही," असं तुम्ही लिहिलंत. मन उडालेलं माणूस रात्री उशिरा तेच पुस्तक तिसऱ्यांदा उघडत नाही, त्यामुळे तो प्रश्न मी लगेच निकालात काढते. तुमचं वाचन जिवंत आहे. दमलंय ते महिन्याच्या हजेरीसाठी केलेलं वाचन.

आता गाठण्याबद्दल. तुम्ही धरून चाललाय की बाकीचे सगळे एका रांगेत पुढे चाललेत आणि तुम्ही मागे पडलात. पण या प्रकाराच्या पट्टीच्या वाचकांना, चारचौघांत नाही, निवांत एकटं गाठून विचारा की गेल्या महिन्यात काय वाचलं. एक नवी कादंबरी निघेल, तीही बहुधा अर्ध्यावर. एक चाळीस-पन्नास वर्षं जुनं पेपरबॅक, कारण ते हाताला लागलं. कुठल्यातरी सिरीजचा चौथा भाग, पहिले तीन आता नीट आठवत नाहीत अशी तक्रार करत. आजारपणात पुन्हा वाचलेलं एखादं लाडकं पुस्तक. आणि एक सोडून दिलेलं, ज्याबद्दल ते वाचलेल्या पुस्तकांपेक्षा जास्त बोलतील. गटात बोलताना माणूस यातलं एकच निवडून सांगतो, सगळ्यात शोभेल ते. तुम्ही स्वतःच्या अख्ख्या ढिगाची तुलना त्यांच्या त्या एका निवडक पुस्तकाशी करताय.

शिवाय 'सध्या सगळे वाचतायत' ते पुस्तक नवं असेलच असंही नाही. अमल एल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टन यांची 'धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर' 2019 मध्ये आली. काळाच्या युद्धात एकमेकींच्या विरुद्ध बाजूंच्या दोन हेर एकमेकींना पत्रं लिहितात, एवढीशी लघुकादंबरी. ह्यूगो आणि नेब्युला, हे या क्षेत्रातले दोन्ही मोठे पुरस्कार तिला मिळाले. पण घराघरांत ती पोहोचली मे 2023 मध्ये, एका हौशी वाचकाच्या "काही माहिती काढू नका, फक्त वाचा" अशा थाटाच्या ट्वीटमुळे. चार वर्षं जुनं पुस्तक एका आठवड्यात खपाच्या यादीत वर. ल्यू त्सिशिन यांची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' चिनी वाचकांनी 2006 मध्ये मासिकातून क्रमशः वाचली, इंग्रजीत ती 2014 मध्ये आली, ह्यूगो 2015 चा, आणि पडद्यावरची मालिका आल्यावर कित्येकांनी ती 2024 मध्ये पहिल्यांदा हातात घेतली. यातला मागे कोण?

वेगाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. ऑडिओबुक ऐकणं हे वाचणंच आहे, त्यात कमीपणा नाही. पण पावणेदोन पट वेग एखाद्या थरारकथेला चालेल, या प्रकाराला नाही चालत. कारण इथे लेखक जग समजावून सांगत नाही, जाता जाता एखादी वस्तू समोर ठेवतो आणि जोडाजोड आपल्यावर सोडतो. 'अर्थसी' तुम्हाला पाठ आहे, म्हणून त्याच लेखिकेचं उदाहरण घेते. उर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'च्या (1969) सुरुवातीला एक मिरवणूक आहे. नव्या कमानीचा मधला दगड राजा स्वतःच्या हाताने बसवतोय, खाली सगळे उन्हात घामाघूम होऊन बघतायत. तो दगड ज्या सिमेंटमध्ये बसतो ते लालसर आहे. परग्रहावरून आलेला निवेदक शेजारच्या माणसाला सहज विचारतो, हे नेहमी लालच असतं का? तो शांतपणे सांगतो, फार पूर्वी माणसाची हाडं कुटून रक्तात कालवून दगड बसवायचे, त्याशिवाय कमान टिकत नाही असं मानायचे. हल्ली जनावराचं रक्त वापरतो. संपलं. मिरवणूक पुढे सरकते. ही दोन-तीन वाक्यं कानावरून निसटली तर पुढे या राज्यात कुणाचा बळी कसा जातो ते नुसतं कथानक म्हणून कळतं, अंगावर येत नाही. आणि मग माणूस म्हणतो, सगळे एवढं काय कौतुक करतात याचं!

म्हणून तुमचं 'आता काहीच आवडत नाही' हे मला आवडीचं दुखणं वाटत नाही. या पुस्तकांत पहिली साठ-सत्तर पानं निव्वळ मेहनतीची असतात. नावं, घराणी, जादूचे नियम, कोण कुणाला वाकून नमस्कार करतं. मजा त्याच्या पलीकडे सुरू होते. तुम्ही दर महिन्याला तीन-चार जगांची ही मेहनत करता आणि मजा सुरू व्हायच्या आत पुढचं जग उघडता. अशाने कुणीही वैतागेल.

आता ड्रॅगनांकडे येते, कारण खरी खोच तिथे आहे. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त मला टोचलं ते तुमचं हसणं. ज्याने टर उडवली त्याला पुढच्या वेळी एक गोष्ट सांगा. 1967 मध्ये 'ॲनालॉग' या मासिकात, म्हणजे कट्टर विज्ञाननिष्ठ सायफायच्या बालेकिल्ल्यात, ॲन मकॅफ्री यांची 'वेअर सर्च' ही कथा आली. अंड्यातून बाहेर पडणारा ड्रॅगन आपला माणूस निवडतो आणि दोघांची मनं जन्मभरासाठी जोडली जातात. मालिकेत पुढे ड्रॅगनांचं मीलन होतं तेव्हा स्वारांनाही ती ओढ आवरत नाही. पुढच्या वर्षी त्या कथेला विभागून ह्यूगो मिळाला आणि कथालेखनासाठी ह्यूगो मिळवणाऱ्या मकॅफ्री पहिल्या लेखिका ठरल्या. 2023 च्या 'फोर्थ विंग'मध्ये रिबेका यारोस यांनी जे केलं, त्याची पणजी तिथे बसलेली आहे. त्याच 2023 मधली मोनिक्विल ब्लॅकगूस यांची 'टू शेप अ ड्रॅगन्स ब्रेथ' घ्या. तीही ड्रॅगन आणि त्यांच्या शाळेचीच गोष्ट, वसाहतवादाबद्दल फार नेमकं बोलणारी, आणि किशोर वाचकांच्या पुस्तकांसाठीचे या क्षेत्रातले दोन्ही मोठे सन्मान तिला मिळाले. तेव्हा ड्रॅगन हा हलका विषय आणि आकाशयान हा भारदस्त, ही वर्गवारी तुमच्या मित्राने कुठून आणली ते त्यालाच विचारा.

याचा अर्थ रोमँटसीतलं, म्हणजे अशा फँटसी प्रेमकथांतलं, सगळंच उत्तम, असं मी म्हणत नाही. बरीचशी घाईत उरकलेली वाटते मला. जादूचे नियम लेखिकेला अडचण आली की वाकतात आणि नायक फार वेळ दारात टेकून उभा असतो. पण पुरस्कारांच्या यादीतही फुगलेली, स्वतःवरच खूश असलेली पुस्तकं असतातच की. तुम्ही वाचताय तो प्रकार चांगला की वाईट, यात पडू नका. त्यात तुम्हाला नेमकं काय धरून ठेवतं ते शोधा, कारण पुढचा रस्ता तिथून फुटतो.

प्राणी आणि माणूस यांच्यातलं नातं आवडत असेल, तर मकॅफ्रींकडे जा, किंवा नेओमी नोविक यांच्या 'टेमेरेअर' मालिकेकडे. नेपोलियनच्या युद्धात ड्रॅगनांचं हवाई दल, आणि त्यातला एक ड्रॅगन आपल्याला पगार का नाही म्हणून वाद घालणारा. दोन माणसं एकमेकांभोवती घुटमळत राहतात, तीनशे पानं बोलतच नाहीत, ते आवडत असेल तर लोइस मॅकमास्टर ब्युजोल्ड यांची 'अ सिव्हिल कँपेन' (1999) आहे. अस्सल सायफाय मालिकेतली कादंबरी, पण मधोमध एक रात्रीची मेजवानी अशी काही फसते की हसून पुरेवाट होते. हिच्यासाठी मालिकेतले आधीचे एक-दोन भाग वाचलेले बरे. आणि तुम्हाला प्रशिक्षणाची शाळा, चाचण्या, कोण टिकणार कोण गळणार हे आवडत असेल, तर त्यासाठी प्रेमकथेचीही गरज नाही; या प्रकारात तसल्या शाळा पोत्याने आहेत.

'अर्थसी' तिसऱ्यांदा वाचण्याबद्दल तुम्ही माफी मागितल्यासारखं का लिहिलंय? मला उलट एक शंका आहे. तुम्ही पहिल्या तीन पुस्तकांवर थांबताय का? पहिलं 1968 चं, तिसरं 1972 चं, आणि चौथं, 'तेहानू', थेट 1990 चं. मधल्या अठरा वर्षांत लेखिका बदलली होती आणि तिने ते पुस्तकात लपवलं नाही. ज्या तेनारला दुसऱ्या पुस्तकात थडग्यांच्या अंधारातून सोडवलं होतं, ती इथे मध्यमवयीन विधवा आहे, शेतावर राहते, भाजलेल्या एका मुलीला सांभाळते. जादूगार परत येतो तो जादू गमावून. शाळेत असताना हे पुस्तक कंटाळवाणं वाटून कित्येक जणांनी ठेवून दिलेलं असतं. पस्तिशीत उघडून बघा. आवड खालावली की पिकली, याचं उत्तर माझ्यापेक्षा तेनार नीट देईल.

पाच अर्धवट सिरीजचं फार मनावर घेऊ नका. प्रत्येकीबद्दल पुस्तक न उघडता आठवून बघा: शेवटी कोण संकटात होतं, आणि त्याचं पुढे काय झालं असेल याची तुम्हाला आत्ता, या क्षणी काळजी वाटते का? वाटत असेल ती ठेवा, बाकीच्या देऊन टाका. जिथे लेखकच थांबलाय तिथे तर आपली काहीच चूक नाही, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मालिकेचा पाचवा खंड 2011 चा आहे आणि सहाव्याची वाट बघत वाचकांची एक पिढी मोठी झाली. पुरी झालेलीच हवी असा हट्ट असेल तर तसंही मिळतं. 'व्हील ऑफ टाइम' 1990 मध्ये सुरू झाली, रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेले, आणि त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी 2013 मध्ये चौदावा खंड काढून ती संपवली. पण चौदा खंड आहेत, ताई. आत्ता नको. त्यापेक्षा टेरी प्रॅचेट यांचं 'डिस्कवर्ल्ड': एकेचाळीस कादंबऱ्या, आणि कुठूनही चढा, कुठेही उतरा.

सध्याच्या दमलेल्या अवस्थेत मी तुम्हाला एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: दोन महिने जाड पुस्तक हातात धरू नका. या क्षेत्रात नॉव्हेला नावाचा फार सुखाचा आकार आहे. पुरस्कारांच्या नियमात तो साडेसतरा हजार ते चाळीस हजार शब्दांचा, म्हणजे दोन-तीन बैठकांत हातावेगळा. मार्था वेल्स यांची 'ऑल सिस्टिम्स रेड' (2017) तुम्हाला जवळची वाटेल. एक सुरक्षा-यंत्रमानव स्वतःवरचं नियंत्रण गुपचूप तोडून मोकळा होतो, आणि मोकळं होऊन काय करतो, तर काम केल्याचा देखावा करत मालिका बघत बसतो. त्याला सगळ्यात भीती कसली, तर आपण खरं काय करतो ते बाकीच्यांना कळेल याची. त्याहून लहान हवं असेल तर कथा आहेतच. टेड चँग यांची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' (1998) एका संध्याकाळी वाचून होते आणि पुढचे चार दिवस दुसरं काही वाचवत नाही. 'क्लार्कस्वर्ल्ड', 'स्ट्रेंज होरायझन्स', 'अनकॅनी' ही मासिकं तर इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

नवं काही हवंच असेल तर याद्या वापरा, पण यादी कुणी केली ते बघून. ह्यूगो देतात वर्ल्डकॉन या सायफाय-फँटसी संमेलनाचे सदस्य, म्हणजे पैसे भरून मत देणारे हौशी वाचक. तिथे गोष्ट रंगतदार असण्याला वजन असतं. नेब्युला लेखकांच्या संघटनेतले लेखक देतात, त्यांचं लक्ष कारागिरीकडे जास्त. आर्थर सी. क्लार्क पुरस्कार परीक्षकांचं मंडळ ठरवतं आणि तिथे कधी कधी अशी पुस्तकं येतात जी सायफायच्या कपाटात ठेवलेलीच नसतात. तीनही याद्या जुन्या वर्षांच्या काढा आणि तुम्हाला मनापासून आवडलेली पुस्तकं कुठल्या यादीत जास्त सापडतात ते बघा. तीच तुमची यादी, बाकीच्या दोन सोडून द्या. 2025 चा ह्यूगो रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांच्या 'द टेंटेड कप'ला मिळाला. त्यात एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड फुटून तो मरतो आणि डोळ्यांवर पट्टी बांधून घरात बसलेली एक विक्षिप्त बाई खुनी शोधते. रहस्यकथा आवडत असेल तर हे घ्या. नसेल तर ह्यूगो मिळालाय म्हणून घेऊ नका.

गटाचं काय करायचं? तुमच्यासारखे आणखी दोघं-तिघं तरी त्या गटात असणार, हे मी पैजेवर सांगते. एखाद्या बैठकीत सुरुवातीचा तो फेराच बदलायचं सुचवा. 'सध्या काय वाचतोय'च्या जागी 'गेल्या महिन्यात कशामुळे झोप उडाली' किंवा 'काय सोडून दिलं आणि कुठल्या पानावर' असं विचारा. सोडलेल्या पुस्तकांवर माणसं फार खरं बोलतात. एकदा असंही करा: प्रत्येकाने एक छोटी कथा आणायची, लेखकाचं नाव झाकून. नावामागे आपण किती वाहवत जातो ते या खेळात कळतं. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, कारण परीक्षकांनी कथा बघावी, नाव नव्हे. बक्षीस मिळालं ते जगतापांना. आणि जेम्स टिपट्री ज्युनियर या सायफाय लेखकाचं नाव? रॉबर्ट सिल्व्हरबर्गसारख्या जाणत्या लेखकाने 1975 मध्ये छापून टाकलं होतं की या लेखनात काहीतरी अस्सल पुरुषी आहे. थोड्याच काळात उघड झालं की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन नावाच्या बाई. तुमच्या टर उडवणाऱ्या मित्राला नाव झाकून मकॅफ्रींची कथा वाचायला द्या. मला उत्तर कळवा.

राहिलं त्या दोन पुस्तकांचं. उभं राहून कबुलीजबाब देण्याइतकं काही घडलेलं नाही. पण "मस्त आहे" हे तुमचं मत ऐकून कुणी ते पुस्तक विकत घेतलं असेल, तर त्या एका व्यक्तीला बाजूला घेऊन सांगा की मी वाचलं नव्हतं, तुला कसं वाटलं? बाकीच्यांनी विचारलं तर "अजून वाचलं नाही" एवढं पुरे. आणि ती दोन्ही पुस्तकं आता केवळ प्रायश्चित्त म्हणून वाचायला घेऊ नका. आधी 'तेहानू' घ्या. नेहमीच्या वेगाने.